उजेड धरणारा मेहुणा

गुहेत फोटो काढायचे म्हणून कॅमेऱ्याच्या दुकानात जाणं म्हणजे दुष्काळी गावात हंडा विकत घ्यायला जाणं. तांब्याचा दाखवतात, पितळेचा दाखवतात. पाण्याचं नाव कुणी काढत नाही. "फुल फ्रेम घ्या साहेब, अंधारात दिवसासारखं दिसतं," असं म्हणत दुकानदाराने लाखाच्या वरचं यंत्र माझ्या हातात ठेवलं. त्याला ठाऊक असलेला अंधार मंगल कार्यालयातला. मेघालयात सोहराजवळच्या क्रेम मावम्लूह गुहेत आत शिरून एखादं वळण घेतलं, की जो अंधार लागतो त्यात आयएसओ कितीही चढवा. शून्याला कशानेही गुणलं तरी हाती शून्यच.

मेघालयच का, असं सासूबाईंनीही विचारलं. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा. छिन्नीने कोरलेली लेणी आपल्याकडे उदंड. पण पाण्याने चुनखडी विरघळवत केलेल्या लांबच लांब गुहा हव्या, तर तिकडेच जायला हवं. शिवाय मावम्लूहमधल्या एका चुनखडीच्या खांबावरून भूशास्त्रज्ञांनी २०१८ साली गेल्या ४२०० वर्षांच्या कालखंडाला ‘मेघालयन’ नाव दिलं. म्हणजे मी, सासूबाई आणि तो दुकानदार, सगळे अधिकृत मेघालयन!

तर मुद्दा उजेडाचा. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश तिथे मारला की गुहेआधी आपल्याच श्वासाची वाफ उजळते. फोटोत पांढरे गोळे तरंगतात आणि मागची भिंत सपाट होऊन जाते. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब हवा, दगडाआड किंवा माणसाच्या पाठीमागे. रेडिओ ट्रिगर कातळाच्या वळणाआड गेला की रुसतो. दुसऱ्या फ्लॅशची चमक पाहून पेटणारा स्लेव्ह बरा, पण त्यालाही ती चमक दिसायला हवी ना! माझं मत विचाराल, तर पेन्सिल सेलवर चालणारे दोन-तीन साधे मॅन्युअल फ्लॅश आणि भक्कम ट्रायपॉड घ्या. शटर बल्बवर उघडं ठेवायचं, सगळ्यांनी डोक्यावरचे दिवे विझवायचे आणि मी ओरडलो की पलीकडच्याने फ्लॅशचं बटण दाबायचं.

हा पलीकडचा मात्र दुकानात मिळत नाही. १८६१च्या सुमारास पॅरिसच्या भुयारी अस्थिगृहात नादार नावाच्या फोटोग्राफरने बॅटरीवरचे विजेचे दिवे नेऊन फोटो काढले. एकेका फोटोला अठरा-अठरा मिनिटं लागत. इतका वेळ जिवंत माणूस हलल्याशिवाय राहीना, म्हणून पठ्ठ्याने मजुरांचे कपडे चढवून पुतळे उभे केले.

माझ्याकडे मेहुणा आहे. गुडघाभर गार पाण्यात, पाठीमागे एका हाताने फ्लॅश धरून तो उभा.

"दाजी, झालं का?"

"बोलू नकोस, वाफ येते."

"श्वास घेऊ का?"

"फ्लॅश मारल्यावर घे."

फोटो झकास आला. मागून उजेड, भिंतीवरचा प्रत्येक ओघळ उठून दिसतोय आणि मध्ये माणसाची काळीभोर आकृती, त्यामुळे दालन केवढं आहे तेही कळतं. घरी मोठ्या कौतुकाने दाखवला. सासूबाईंनी चष्मा पुसून दोनदा पाहिला.

"यात बंड्या कुठाय?"

"हा काय, मधला काळा."

"आणि चेहरा?"

"मागून उजेड असला की चेहरा दिसत नाही."

"अहो जावईबापू, मुलीकडच्यांना पाठवायला फोटो काढून आणता म्हणून तर मी त्याला पाठवला होता!"