नळी, दस्ता आणि तीन एकर

निवृत्तीनंतर माणसाला एखादा छंद असावा असं डॉक्टर सांगतात, पण कोणता नसावा हे सांगत नाहीत, आणि त्यामुळेच मागच्या खरिपात मी, म्हणजे पारोळ्यात जन्मभर गणित शिकवलेला, चष्मा नसला तर स्वतःची चप्पल न सापडणारा, दिवाळीत फुलबाजीसुद्धा हात लांब करून धरणारा मनुष्य, लांब पल्ल्याची शिकारी रायफल खास आपल्या मापाने करवून घ्यायच्या नादी लागलो. तीही स्वस्तात.

निमित्त डुकरांचं. गावाबाहेर आमचं तीन एकर आहे, त्यात मका होता, कणसात नुकतं दूध भरलेलं, आणि एका सकाळी सालदार सायकल अंगणातच आडवी टाकून ओट्यावर आला तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. जाऊन पाहतो तर धांड्यांच्या ओळीच्या ओळी लोळवलेल्या, प्रत्येक कणसाचा एकेक घास घेऊन बाकीचं चिखलात, पानांवर लाळ, आणि बांधाच्या कडेने नाकाने उकरलेली माती अशी सरळ रेषेत की आमच्या तिफणीला ते कधी जमलं नाही. पोटभर खाल्लं असतं तर एक वेळ समजलो असतो. पण उष्टं टाकलेलं मला पंगतीतही खपत नाही.

त्यात वाचनाची खोड. खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा जेम्स आउट्रम १८२५ पासून इकडे होता, धरणगावला, म्हणजे आपल्या शेजारीच, आणि दहाएक वर्षांत त्याने दोनशेच्या घरात वाघ मारल्याचं सांगतात. एवढे वाघ या मुलखात होते याचं खरं तर नवल वाटायला हवं होतं, पण मला वाटला हेवा. साहेबाला वाघ साधले तर आपल्याला डुक्कर का साधू नये? फरक एवढाच, की त्याच्यामागे पलटण होती आणि माझ्यामागे मधुमेह. जिम कॉर्बेटने १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण शेवटी तहसीलदाराची जुनी, खिळखिळी बंदूक उसनी घेऊन मारली, हेही मी वाचलं होतं. पण उसन्या बंदुकीची गोष्ट हौसेच्या माणसाच्या लक्षात राहत नाही.

मग दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर ‘अंदाजपत्रक’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. जमेच्या बाजूला सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा एक हप्ता, जो घरात अजून जाहीर व्हायचा होता. खर्चाच्या बाजूला नळी, चाप, दस्ता, दुर्बीण, काडतुसं. पुण्याच्या भाच्याने मोबाइलवर परदेशी गोऱ्यांचे व्हिडिओ लावून दिले होते, त्यातला एक जण डोंगराच्या टोकावर पालथा पडून पार पलीकडच्या डोंगरावरचं हरीण टिपतो आणि वर ‘फार काही अवघड नाही’ अशा अर्थाचं हसतो. त्यातून कळलं की नेमातली चूक कोनाच्या मिनिटांत मोजतात. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. तेवढ्या चुकीने शंभर मीटरवर गोळी २.९ सेंटिमीटर सरकते, आठशे मीटरवर २३. जन्मभर फळ्यावर पुसून टाकलेली त्रिकोणमिती पहिल्यांदाच कुठे उपयोगी पडत होती, त्यामुळे मी रात्रीचं दूध प्यायलाही उठेना. आठशे मीटर हा पल्ला लाल शाईने चौकटीत लिहिला.

सकाळी टेप घेऊन शेतात गेलो. तीन एकर, जवळपास चौरस, बाजू एकशे दहा मीटर. म्हणजे आठशे मीटरवरून डुक्कर टिपायचं तर सात शेतं ओलांडून पलीकडे जाऊन पालथं पडावं लागणार. त्या सातांतल्या चौघांशी बांधावरून आमचं बोलणं बंद आहे, आणि पाचव्याशी कोर्टात सुरू आहे.

तरीही मी सुताराकडे गेलोच. दस्ता आपल्या अंगाचा हवा, तयार नको, असं त्या गोऱ्याने बजावलं होतं. कोपराच्या लवणापासून चाप ओढायच्या बोटापर्यंतचं अंतर घ्यायचं, गाल कुठे टेकतो ते बघायचं, खांद्याचा खळगा मोजायचा. आमच्या सुताराने जन्मात वखर, तिफण आणि बाजेचे पाय केलेले. त्याने कानावरची पेन्सिल काढून माझी मापं घेतली, गालाला लाकूड लावून पाहिलं, खांद्यात फळी रोवून ‘दुखंस का?’ विचारलं, आणि दुखतंय म्हटल्यावर समाधानाने तिथेच खूण केली.

‘‘पण बंदूक कोठे शे, गुरुजी?’’

‘‘येणार आहे,’’ मी म्हणालो.

चार दिवसांत दस्ता झाला. अस्सल बाभळीचा, तेलपाणी केलेला, मुसळाच्या तोडीस तोड जड. आता फक्त पुढची बंदूक लावायची होती.

परवाना जिल्हाधिकारी देतात, म्हणून एसटीने जळगाव गाठलं. तिथे टेबलापलीकडे बसलेला गृहस्थ मला पाहून उभाच राहिला, कारण तो माझा जुना विद्यार्थी निघाला, आणि मी त्याला भूमितीत किती गुण दिले होते ते आठवायच्या आत त्याने चहा सांगितला. मग अर्ज पुढे ओढून विचारलं, ‘‘कारण काय लिहू, सर?’’

‘‘शिकार,’’ मी म्हणालो. चांगलं खणखणीत. वर्गात म्हणायचो तसं.

त्याने पेन खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावरची कुजबुज थांबली. ‘‘सर, तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही,’’ असं म्हणून तो मला हळूच जिन्यात घेऊन गेला आणि तिथे त्याने माझा तास घेतला. शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंद. पीक नासणाऱ्या डुकराला मारायची परवानगी मिळू शकते, पण ती वनखात्याकडून, अर्ज करून, अटी पाळून. तिला शिकार म्हणायचं नाही. पिकाच्या राखणीसाठी १९५९चा शस्त्र कायदा देतो ती ठासणीची बंदूक. फारच अडलं तर दुसरी, पण तीही आतून गुळगुळीत नळीची. आणि नळी एकाकडून, चाप दुसऱ्याकडून घेऊन घरी जोडलेली रायफल? ‘‘सर, ते पुन्हा म्हणू नका. विनापरवाना हत्यार बनवलं म्हणून आत जाल.’’ मी पिशवीतल्या दस्त्यावर वर्तमानपत्र नीट पांघरलं.

रायफलीच्या नळीला आतून पीळ असतो, त्याने गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. नळीचा पीळ कायद्याने गेला, माझा गेला नाही. मी म्हटलं, परदेशी मागवू. तो म्हणाला, ती मुभा नामवंत नेमबाजांना. इशापूरच्या सरकारी कारखान्याची ०.३१५ची रायफल? तिचा आकडा ऐकून वेतन आयोगाचा हप्ता जागच्या जागी वारला. काडतुसांचं तरी आपल्याच जिल्ह्यात वरणगावला भागेल म्हटलं, तर तो कारखाना फौजेसाठी. शिवाय निवडणुका आल्या की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायला लावतात. आणि नगरपालिका, झेडपी, विधानसभा, लोकसभा असा पाळणा हलता असताना बंदूक घरी कमी आणि माहेरपणालाच जास्त राहिली असती.

‘‘सर, हौसच असेल तर क्लबात जाऊन नेमबाजी शिका,’’ तो निरोप देताना म्हणाला. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता, आणि २०२४ला ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आला, हे त्याने इतक्या प्रेमाने सांगितलं की मला नाही म्हणवेना. पुढे वाचलं की त्याच्या पन्नास मीटरच्या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. एअर रायफलला अंतर दहाच मीटर, पण ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. माझ्या हातात चहाची बशी असली की घरात मुलांना लांब बसवतात. तो विषय तिथेच मिटला.

सालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि तंबाखू मळत एवढंच म्हणाला, ‘‘डुकरं रातले येतस, गुरुजी. तुम्ही नऊलेच झोपी जातस.’’

शेवटी सगळे करतात तेच केलं. बांधाभोवती हिच्या जुन्या साड्या बांधल्या, आणि थकबाकीच्या हप्त्यातून सोलरचं झटका मशीन आणून तार ओढली. हप्ता त्यामुळे घरात जाहीर झाला, तो वेगळा झटका. तारेत करंट उतरतो की नाही हे पाहायला टेस्टर मिळतो असं दुकानदार सांगत होता, पण मी घाईत होतो आणि बोट जवळच होतं. बरं, डुक्कर निदान केसाळ तरी असतं. मी बांधावरून थेट गवारीच्या वाफ्यात बसलो, चष्मा शेजारच्या शेतात, म्हणजे बोलणं बंद असलेल्यांपैकी एकाच्या शेतात गेला, आणि तो परत मागायला सालदाराला मध्यस्थ म्हणून पाठवावं लागलं. त्यानंतर डुकरं एकदा येऊन गेली, पण कडेची एक ओळ खाऊन. आमच्याकडे त्याला यश म्हणतात.

दस्ता बरेच दिवस कपाटामागे होता. दिवाळीच्या साफसफाईत हिच्या हाती लागला. तिने तो उलटसुलट फिरवून पाहिला, हातात तोलला, आणि न्हाणीघरात नेऊन गोधड्यांसाठी धोपाटणं म्हणून ठेवून दिला. मग दोनदा आपटून पाहिल्यावर तिच्या लक्षात आलं की हे तिच्या हाताला बसत नाही, लांब पडतं. कोपरापासून बोटापर्यंत नेमकं माझ्याच मापाचं आहे. तेव्हापासून घरातल्या गोधड्या मी धुतो.