खापरपणजीचा रकाना

पुणतांब्याच्या स्टेशनात शिर्डीची गाडी थांबली, की नाना बाकावरून उठतात. कुणाला उतरवून घ्यायला नव्हे. अनोळखी चेहरा दिसला, की पहिला प्रश्न, “गाव कुठलं?” दुसरा, “आजीचं माहेर?” तिसऱ्या प्रश्नाला माणूस एक तर रिक्षा धरतो, नाहीतर नानांचा नातेवाईक होतो.

निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात. नाना पूर्वजांत गेले. सुरुवातीचा हेतू साधा होता. गोदावरीवरचा घाट अहिल्याबाईंनी बांधला, तेव्हा आपलं कुणीतरी होळकरांच्या पदरी सरदार असणारच. पुरावा? “नाकाकडं बघ की!”

2023 साली कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं निघाली आणि मोडी वाचणाऱ्याला भाव आला. नानांनीही क्लास लावला. बाकीचे दाखल्यासाठी शोधत होते, नाना हौसेनं. पुढं किराण्याची यादीसुद्धा मोडीत जाऊ लागली. वाण्यानं ती एकदा मुकाट्यानं मेडिकलवाल्याकडं पाठवली.

शेवटी नाना नाशकाला गेले. पंचवटीत तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या यात्रेकरूंच्या नोंदी असतात. दुपारभर पानं उलटली. सरदार काही निघाला नाही. निघाले खापरपणजोबा, रेल्वेच्या कामावरचे मुकादम. दौंड-मनमाड लाइन 1878 ची, तेव्हा काळही जुळला. त्यांच्या नावापुढं बायकोची नोंद होती, ‘मोगलाईतली, भाषा तेलंगी.’ पुढचं अक्षर वाळवीनं खाल्लेलं.

नानांच्या घरच्या वंशावळीत बाया नव्हत्याच. पुरुषच पुरुषांना जन्म देत खाली आले होते. नाना तीन दिवस गप्प. आम्हाला वाटलं, सरदारकी गेल्याचा धक्का बसला. चौथ्या दिवशी काकूंनी पानात पुळसू वाढलं. चिंचेच्या या कालवणाला अख्ख्या गावात फक्त नानांच्या घरी ‘पुळसू’ म्हणतात; लहानपणी आम्ही त्यावरून त्यांना चिडवायचो. नाना हात न धुताच स्टेशनावर आले. शिर्डीला निघालेलं एक तेलुगू कुटुंब फलाटावर डबा सोडून बसलं होतं. नानांनी खुणा करत विचारलं, चिंचेच्या कालवणाला काय म्हणता? बाई म्हणाल्या, “पुलुसू.”

नानांचे डोळे भरून आले. आजीचं माहेर विचारायचंही ते विसरले. परतताना एवढंच म्हणाले, “दीडशे वर्षं म्हातारी चुलीपाशी बसून हाका मारत होती रे. आणि मी नाशकात शोधतोय.”

तेव्हापासून सरदाराचं नाव नाही. नदीपल्याडचं वैजापूर निजामाच्या मुलखातलं, म्हणून तिकडचा कुणीही आला, की नाना चहा पाजतात. “माहेरची माणसं आहेत.” आयपीएलमध्ये हैदराबाद जिंकलं, की पेढे. हरलं, तर “पोरं दमली असतील.” नातीच्या सोयरिकीला पाहुण्यांनी दबकत विचारलं, “शहाण्णव कुळी ना?” नाना म्हणाले, “ती आहेतच. वर एक तेलंगी. सत्त्याण्णव!” स्थळ परत फिरकलं नाही. नानांना त्यांचीच कीव आली. “बिचाऱ्यांना अजून आपली सापडली नसेल.”

परवा त्यांनी नवी वंशावळ दाखवली. सगळ्या बाया आता नवऱ्यांशेजारी. खापरपणजीचा रकाना तेवढा कोरा.

“नाव नको का काहीतरी?” मी म्हटलं.

“मनानं कशाला घालू? आपल्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरंच पत्र धाडलं होतं. पासष्ट ओव्या आल्या उत्तरादाखल. आपणही कोरं ठेवावं, वाट बघावी.”

मी कागद उजेडात धरला. रकाना अगदीच कोरा नव्हता. कोपऱ्यात चिंचेच्या कालवणाचा तपकिरी डाग होता. मी रुमाल काढला, तशी नानांनी वंशावळ झटकन ओढून घेतली.

“राहू दे,” ते म्हणाले. “सही आहे तिची.”