वामनाची तीन पावलं

वामनाने सोफ्यावर चढायचं नाही, हा आमच्या घरातला अकरा वर्षांचा कायदा. कायदा आईचा, मोडायचा वामन आणि शिक्षा मला, कारण सोफ्यावरचे केस झटकायचं काम माझ्याकडे.

वामन हा आमचा कुत्रा. जात डॅशहाउंड. यातल्या 'डॅश'चा पळण्याशी संबंध नाही. मूळ शब्द जर्मन, 'डाख्स' म्हणजे बॅजर, बिळात राहणारा एक प्राणी. त्याच्या बिळात घुसता यावं म्हणून ही जात आखूड पायांची आणि लांब पाठीची केलेली. म्हणजे ज्याच्या सात पिढ्या जमिनीखाली जाण्यात खपल्या, त्याला आम्ही सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. मग त्याला उंचीचा नाद लागला तर दोष कुणाचा?

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तो सोफ्यापुढे उभा राहिला, मान वर केली, मागचा भाग दोनदा हलवला, आणि उडी न मारताच खाली बसला. आई म्हणाली, "सुधारला." मी त्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी पाठ चाचपली, फोटो काढला. म्हणाले, "याच्या मणक्यातली गादी झिजली आहे. उड्या पूर्ण बंद. गादीवर चढायच्या नादात ही गादी सरकली तर मागचे पाय जातील." चढण्यापेक्षा उतरणं वाईट, हेही त्यांनीच सांगितलं. कुत्र्याचं साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, आणि आपल्या गळ्याखाली जसं आडवं हाड असतं तसं त्याला जवळजवळ नसतंच. पुढचे पाय धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेले. धप्पकन उडी मारली की सगळा भार त्यांच्यावर. "सोफ्याला पायऱ्या करून घ्या," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे अकरा वर्षं मी त्याला उतर उतर म्हणत होते, ते याच्यासाठी?"

तात्पुरती सोय म्हणून मी आधी पाट, त्यावर चौरंग, बाजूला दिवाळी अंकांचा गठ्ठा असं काहीतरी रचलं. आईनं चौरंग ताबडतोब उचलला. सत्यनारायणाच्या चौरंगावर कुत्र्याचे पाय पडणार नव्हते. अंकांना तिची हरकत नव्हती, त्यातल्या एकात माझा लेख असूनही.

मग मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी सोफा पाहिला, मग वामनाला पाहिलं, मग मला. "साहेब, उचलून ठेवायला काय होतं?" असं विचारून झाल्यावर मात्र त्यांनी मनापासून मापं घेतली. सोफा अठरा इंच, म्हणून साडेचार-साडेचार इंचांचे टप्पे आणि तीन पायऱ्या. चौथा टप्पा सोफाच. पायरी आत किती ठेवायची यावर आम्ही अडलो. माणसाचं एक पाऊल मावलं की काम झालं, पण वामन पहिल्या पायरीवर असतो तेव्हा त्याचं नाक तिसरीवर पोचलेलं असतं आणि शेपटी अजून हॉलमध्ये असते. शेवटी पायरी पंधरा इंच ठरली. त्यात हॉलची एक खुर्ची गेली.

मी साधं प्लायवूड म्हणत होतो. मिस्त्री म्हणाले, "सनमायका लावल्याशिवाय काम दिसत नाही." लावला. चकचकीत, अक्रोडी रंगाचा. काम खरंच दिसायला लागलं. वामनानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तो घसरत आईच्या चपलांपर्यंत गेला. त्यानंतर चार दिवस तो त्या वस्तूला लांबून वळसा घालून जायचा. मी तिन्ही पायऱ्यांवर रबरी पायपुसणी चिकटवली. अक्रोडी रंग आता फक्त मिस्त्रींना आठवतो.

आता शिकवणी. प्रत्येक पायरीवर पनीरचा एकेक तुकडा ठेवला. वामनानं जमिनीवर उभं राहून पहिला खाल्ला, मान ताणून दुसरा खाल्ला, पुढचे दोन पाय पहिल्या पायरीवर टेकवून तिसरा खाल्ला, आणि वळून स्वयंपाकघराकडे गेला. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकचं शुभचिन्ह वाल्डी नावाचा डॅशहाउंड होता आणि तिथल्या मॅरेथॉनचा मार्गही त्याच्याच आकाराचा आखला होता, हे मी त्याला सांगून पाहिलं. शेवटी मीच गुडघ्यांवर रांगत वर जाऊन दाखवलं. नेमक्या तेव्हाच शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या होत्या.

आणि मग एका दुपारी, कुणीही न शिकवता, आई मालिका बघत असताना तो टुकटुक करत वर गेला आणि तिच्या मांडीवर हनुवटी टेकून झोपला. "खाली हो!" आई सवयीनं ओरडली. तो आज्ञाधारकपणे एकेक पायरी उतरला, खाली पोचला, वळला आणि परत वर आला. यात नियमभंग कुठला, हे तिला सांगता येईना. आपण दिलेल्या तीन पावलांत राज्य जातं, हे बळीराजाच्याही उशिराच लक्षात आलं होतं.

आता सोफ्यावर दोघं असतात. खुर्ची गेल्यामुळे मी मधल्या पायरीवर बसून लिहितो. तुम्ही पायऱ्या करून घेणार असाल तर मिस्त्री काहीही म्हणोत, सनमायका लावू नका. आणि पनीर फक्त सोफ्यावर ठेवा.