कूलरमागची खिडकी

घाटाखालचा मे महिना कसा असतो, हे खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याच्या माणसाला सांगायला नको. पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि घरोघरी कूलर घरघरू लागतात. या यंत्राची अट साधी आहे. मागून बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे आणि आतली दमट हवा निघून जायला समोरची खिडकी उघडी पाहिजे. पण गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये रात्री खिडकी उघडी ठेवणं म्हणजे चोराला अक्षता पाठवणं! म्हणून ती घट्ट लावली जाते आणि अख्खं कुटुंब रात्रभर ढोकळ्यासारखं वाफेवर शिजतं. याच माणसांचे आजोबा याच उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून घोरत असत. तेव्हा चोर नव्हते असं नाही. पण शेजारीपाजारीही अंगणातच घोरत असल्यामुळे चोराला पाय ठेवायला जागा नव्हती. ओटे भरलेले असणं हा सगळ्यात स्वस्त पहारा होता. आपण भीतीपोटी आत गेलो, रस्ता ओस पडला आणि ओस रस्त्याची भीती वाटते म्हणून भिंत आणखी दोन फूट वाढवून वर काचा खोचल्या.

मग कॅमेरे आले. कॅमेऱ्याने तपासाला मदत होते, हे खरंच. पण उन्हाळ्यात भर दुपारी त्यात काय दिसतं? डोक्यावरून, नाकावरून दुपट्टा गुंडाळलेली, फक्त डोळे उघडे असलेली माणसं. दूधवाला, वायरमन, कॉलेजची पोरगी, जावई, सगळेच दरोडेखोर! चोराला वेगळा वेश करायची गरजच उरत नाही. शिवाय कॅमेरा चोरी पाहतो. चोराला ‘कोण पाहिजे?’ असं विचारत नाही. ते काम ओट्यावर लसूण निवडत बसलेली म्हातारी करायची, तीही विजेशिवाय.

यावर कोणीही चिडून विचारेल, ‘चोऱ्या होत नाहीत का?’ होतात. लग्नसराईत कुलूपबंद घरं फुटतात, पहाटे फिरायला निघालेल्या बाईचं मंगळसूत्र ओढलं जातं, आणि जिचं गेलं तिच्यापुढे आकडे नाचवण्यात शहाणपण नाही. कुलूप जरूर लावावं. प्रश्न भीतीच्या मापाचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदीनुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २,२९५ खून झाले; त्याच वर्षी राज्यातल्या रस्त्यांवर पंधरा हजारांहून जास्त माणसं मेली. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर एकाच बसमध्ये पंचवीस जण जळाले. तरी दाराला तीन कड्या लावणारा गृहस्थ मोटारसायकलवर तिघांना बसवून, हेल्मेट घरी खुंटीला ठेवून निघतो. (हेल्मेट मात्र चोरीला जाऊ नये!) आणि लेकीबाळींची काळजी म्हणाल, तर देशातल्या बलात्काराच्या शंभरांतल्या पंचाण्णवांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो. ज्यांना आपण ग्रिलचं दार उघडून आत घेतो, त्यांच्यातला.

पण भीतीला ओळखीचा माणूस चालत नाही. तिला परका लागतो. तो व्हॉट्सअॅप पुरवतं. ‘सावधान! आपल्या भागात टोळी फिरत आहे.’ या वाक्यातला ‘आपला भाग’ फार सोयीचा आहे. चिखली, मेहकर, जळगाव जामोद, कुठेही लावा, नेमका बसतो. सावध केलं तर बिघडलं कुठे, असं पाठवणाऱ्याला वाटतं. कुठे बिघडलं ते धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसलं, तेही १ जुलैलाच, २०१८ च्या. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. पाठोपाठ व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पाच ठिकाणी! पण त्या पाचांत शे-दोनशे माणसांचे पाच ग्रुप बसायचे, हे आपल्याकडच्या कुठल्याही ‘अॅडमिन’ला तोंडपाठ होतं. आणि संशय कोणावर घ्यायचा, याचा धडा आपल्याला इंग्रजांनी १८७१ मध्येच दिला होता. त्यांनी अख्ख्या जमाती कायद्याने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला. लेआउटमध्ये तो अजून लागू आहे: पाल ठोकणारा दिसला की पहिला फोन पोलिसांना.

खरा चोर दरम्यान सुधारला. त्याला भिंत चढावी लागत नाही. जानेवारी ते एप्रिल २०२४ या चार महिन्यांत फोनवर पोलीस बनून ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली देशभरात १२० कोटी रुपये उकळले गेले, आणि शेवटी पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये सांगावं लागलं की असं काही कायद्यात नाही. आता भर दुपारी दोन वाजता लेआउटमध्ये काय चाललेलं असतं ते पाहा. फाटकाबाहेर दुपट्टा बांधलेला कुरिअरवाला उभा आहे. घसा कोरडा पडलाय. पूर्वी वाटसरूला न विचारता तांब्या पुढे यायचा. आता ग्रिलमधून फक्त सही करणारा हात येतो आणि कडी पुन्हा पडते. आत मोबाइल वाजतो. पलीकडचा आवाज म्हणतो, ‘मुंबई क्राइम ब्रांच से बोल रहे हैं.’ आणि घरधनी उठून उभा राहतो, शर्टाची बटणं लावतो आणि अदबीने म्हणतो, ‘जी सर, बोलिए ना.’