सत्कारमूर्ती, जरा खुर्च्या लावता का?

संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये ठराव करून ५ डिसेंबर हा दिवस स्वयंसेवकांच्या नावे केला. आपलं एका दिवसात कसं भागणार? अनंत चतुर्दशीला घाटावर निर्माल्य गोळा करणाऱ्या, रात्रभर मिरवणुकीत दोर धरून उभ्या राहणाऱ्या पोरांचा सत्कार दिवाळीपर्यंत कधीही उरकता येतो. भाऊंची तारीख तेवढी मिळायला हवी.

फ्लेक्सवर पोरंही असतात बरं का. खालच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. वरची सगळी जागा मार्गदर्शक, आधारस्तंभ आणि प्रेरणास्थान यांनी अडवलेली. कार्यक्रमाच्या सतरंज्या कोण घालणार, पाहुण्यांना चहा कोण देणार? अर्थात सत्कारमूर्ती! पाहुणे दीड तास उशिरा येतात आणि निःस्वार्थ सेवेवर पाऊण तास बोलतात. मग वेळेअभावी एकालाच ‘प्रातिनिधिक स्वरूपात’ शाल-श्रीफळ. बाकीच्यांनी जागेवरच उभं राहायचं. श्रीफळ खरं असतं. शाल पुढच्या कार्यक्रमासाठी परत मागतात, अशी कुजबुज आहे.

गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. सूत्रसंचालकाची गरज त्यांना कधी पडली नाही. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान सरकारने २०००-०१ मध्ये सुरू केलं, तेही बक्षिसांसकट.

निर्माल्य उचलायला रबरी हातमोजे हवेत, असं पोरांनी सांगून पाहिलं होतं. निधी नाही म्हणाले. सन्मानचिन्हं मात्र आली, चकचकीत ॲक्रिलिकची. वर ठळक अक्षरांत भाऊंचं नाव.