फिडरची फिरती पाळी

झोपेचे डॉक्टर सांगतात, रात्रपाळी असेल तर दिवसा खोली काळोखी करा, मोबाइल लांब ठेवा; फिरती पाळी तर शक्यतो टाळाच. अर्धापूरच्या केळीवाल्यानं आणि औशाच्या ऊसवाल्यानं टाळायची कशी? त्यांची पाळी शेतीपंपाला वीज देणारा फिडर ठरवतो. काही दिवस वीज दिवसा, काही दिवस रात्री. मग एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं, नजर सापावर आणि पाणी दांडातून फुटलेलं! दिवसा पडावं तर डोक्यावर तापलेला पत्रा.

२०१७ साली शरीरातल्या घड्याळाचं कोडं उलगडणाऱ्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी राज्यानं शेतीला दिवसा वीज द्यायला सौर कृषी वाहिनी योजना आणली. घड्याळाचं कोडं सुटलं. चावी मात्र अजून स्टार्टरच्या पेटीतच आहे.