दुधीचं लग्न

टोरंटो, 14 सप्टेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर आमचा दुधी दाखवला तेव्हा बाबा म्हणाले, "एवढाच?" ते मनाला लागलं. फोनवर बाबा कुणाला बोलू देत नाहीत, म्हणून हा लेखी खुलासा.

बाबा, तुम्ही वाईला परसात बी टाकता आणि विसरता. वेल आपला आपण कौलांवर चढतो आणि पलीकडच्या काकूंच्या अंगणात दुधी सोडतो. इथे एप्रिलमध्येही बर्फ पडतो. त्यामुळे दुधीचं बाळंतपण बेसमेंटमध्ये. नेलकटरने बियांची टोकं कापली, रात्रभर भिजत घातल्या, कुंडीखाली उबेला विजेची चटई आणि वर जांभळा दिवा. तो उजेड रात्री रस्त्यापर्यंत जायचा. इथे 2018 पासून घरटी गांजाची चार झाडं लावायला कायद्याने मुभा आहे. शेजारचे आजोबा एकदा डोळे मिचकावत म्हणाले, "यंदा पीक कसं आहे?" आई, घाबरू नकोस, दुधीच होता.

रोपं बाहेर कधी न्यायची, तर व्हिक्टोरिया राणीचा वाढदिवस उलटल्यावर. 25 मेच्या आधीच्या सोमवारी इथे त्याची सुट्टी असते. तोवर रात्री कधी दहिवर गोठेल याचा भरवसा नसतो. म्हणजे इंग्रज भारतातून गेले, पण आमच्या दुधीवर अजून राणीचंच राज्य आहे.

जूनमध्ये वेल सुटला. रात्री नऊपर्यंत ऊन, त्यामुळे वाढ अशी की तुमच्या सुनेने कपडे वाळत घालायची दोरी त्याच्या नावावर करून दिली. फुलंही भरपूर, पण सगळी नर! चौकशी केली तेव्हा कळलं की मुख्य वेलाला बहुतेक नर फुलंच येतात. त्याचा शेंडा खुडायचा, फुटलेल्या फांद्यांचेही शेंडे खुडायचे, मग तिसऱ्या पिढीला मुली होतात. आपल्या घराण्यासारखंच.

मादी फुलं आली, खाली बोटाएवढे दुधी घेऊन, आणि पिवळी पडून गळायला लागली. दुधीचं फूल उमलतं संध्याकाळी, तेव्हा इथल्या मधमाश्या ड्यूटी संपवून घरी गेलेल्या असतात. परागीकरण आमच्याच गळ्यात पडलं. मग ऑगस्टभर रोज रात्री मी नर फूल हातात धरून, सूनबाई बॅटरी धरून, आणि तुमची नात तोंडाने मंगलाष्टकं म्हणत, अशी वरात परसात. शेजारचे आजोबा खिडकीतून बघायचे. आता ते पिकाबद्दल विचारत नाहीत. आमचं पीक चांगलं आलंय अशी त्यांची खात्री पटली असावी.

तेवीस लग्नं लावली, एकच संसार टिकला. तोच दुधी तुम्ही पाहिलात.

बाकी मका रॅकूनने नेला. मांजरापेक्षा मोठा, डोळ्यांवर दरोडेखोरासारखा काळा पट्टा असलेला प्राणी. त्याला उघडता येऊ नयेत म्हणून महापालिकेने 2016 साली खास कड्यांचे कचऱ्याचे डबे वाटले, तेही काही गड्यांनी उघडले. आम्ही कणसं रविवारी काढायची ठरवली होती. तो शनिवारी रात्री आला. टोमॅटो खारीने नेले असते तर दुःख नव्हतं; ती प्रत्येकाचा एक घास खाऊन तसाच टाकून जाते. कढीपत्ता तेवढा सुखात आहे. थंडी पडायच्या आत त्याला हॉलमध्ये आणायचं, मग मेपर्यंत खिडकीजवळच्या सोफ्याची जागा त्याची.

आलं काय, तर झुकिनी. तिच्यासाठी काहीच केलं नाही, म्हणून असेल. दोन रोपांनी घर भरलं. शेजाऱ्यांच्या दारात ठेवून यावी तर परत येईपर्यंत आपल्या दारात त्यांची ठेवलेली असते. थालीपीठ झालं, कोशिंबीर झाली, भरीत झालं, वड्या झाल्या. अजून एकोणीस शिल्लक आहेत. आई, आणखी काही सुचत असेल तर याच आठवड्यात कळव. नात हल्ली डबा उघडण्याआधी वास घेते.

आपला,
बाळू